टिंडलांच्या लीकचं पुडिंग

हॅगरली, डरहॅम
फेब्रुवारीचा तिसरा रविवार

प्रिय नेव्हिल,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते: बाबा ठणठणीत आहेत. नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला कधी काही लिहिल्याचं तुला आठवत नसेल. मलाही आठवत नाही. तुमच्या डेव्हनला म्हणे डॅफोडिल फुललेसुद्धा. इथे गेल्या आठवड्यापर्यंत पाण्याच्या पिंपावरचा बर्फ फोडायला हातोडी लागत होती. मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय आणि कोपर टेकायला जागा नाही, कारण खिडकीच्या कट्ट्यापासून पाव ठेवायच्या डब्यापर्यंत सगळीकडे अंड्यांचे ट्रे आहेत आणि त्यांत बटाट्याचं बियाणं डोळे वर करून बसलंय. आई असती तर म्हणाली असती, “हे घर आहे की बटाट्यांचं वसतिगृह?” पण बाबांना खिडकीतलाच उजेड हवा, आणि दर दोन दिवसांनी ट्रे फिरवायचे, म्हणजे कोंब सगळ्या बाजूंनी सारखे येतात. गुड फ्रायडेला लावायचे. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. हवामानखात्याला विचारायचं नाही.

आता वाईट बातमी. टिंडलांचे लीक, ते कांद्याचे गोरेपान थोरले भाऊ, संपले. कीड लागली नाही, कुजले नाहीत, प्रदर्शनाच्या तोंडावर कुणी जळून सुरी फिरवली असंही नाही. आम्ही ते खाल्ले. पुडिंग करून खाल्ले, वर तपकिरी रस्सा घालून खाल्ले, आणि बाबांनी दोनदा मागून घेतलं. हस, हस. मीसुद्धा आता हसू शकते, पण जानेवारीपासून तीन आठवडे मला हसायची चोरी होती. पणजोबांनी खाणीवरून येऊन वाढवलेलं वाण, आजोबांनी युद्धात जपलेलं, बाबांनी साठ वर्षं मुलासारखं सांभाळलेलं, आणि ते गेलं माझ्या पातेल्यात.

नीट सांगते. ऑक्टोबरात बाबा पडले. मी तुला कळवलं नाही, कारण तुला कळवायचं नाही असा हुकूम होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस काचघराच्या छताची काच पुसायला शिडीवर चढला होता. मी ओरडले तर म्हणाले, “काच मळकी राहिली तर कांद्याच्या रोपांना ऊन तू आणून देणारेस का?” खुबा मोडला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, काच फुटली का? काच शाबूत होती. मग शांत झोपले. तेव्हापासून ते आमच्याकडे, पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत. आणि गावच्या सामाईक मळ्यातला त्यांचा नऊ नंबरचा प्लॉट आला माझ्या आणि गॉर्डनच्या गळ्यात. हिवाळ्यात जो मळ्याकडे पाठ फिरवतो, त्याच्याकडे उन्हाळ्यात मळा पाठ फिरवतो, हे बाबांचं वाक्य तू लहानपणी किती ऐकलंयस. आता ते रोज नाश्त्याला मिळतं.

तुझ्या मेव्हण्याला, गॉर्डनला, तू ओळखतोस. एकतीस वर्षं बस चालवली. फावडं हातात धरलं असेल ते फक्त समुद्रकिनाऱ्यावर. पहिल्या दिवशी खोदायला गेला तेव्हा मी त्याचा व्हिडिओ काढून बाबांना दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला. “अरे, ते स्टिअरिंग नाही. वळवायचं नाही, खुपसायचं!” पण नेव्हिल, माणूस कसा बदलतो बघ. त्यानं शेडच्या दारामागे चक्क वेळापत्रक लावलंय. आठ दहा: गूजबेरी छाटणी. नऊ पंचवीस: कुंड्या धुणे. दहा चाळीस: चहा. दहा मिनिटं उशीर झाला तर अस्वस्थ होतो, जसे काही प्रवासी थांब्यावर खोळंबलेत. गूजबेरीची झुडपं त्यानं अशी छाटली की फोटो बघून बाबा म्हणाले, “मधून पाखरू आरपार जाईल एवढी मोकळी कर म्हटलं होतं, तू तर मेंढी भादरलीस.” आणि तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्लॉटवाल्या हेस्लपला फोन करून विचारून घेतलं, की बुवा खरंच कशी दिसतायत? हेस्लप म्हणाला, बरी आहेत. तेव्हा बाबा गॉर्डनला म्हणाले, “ठीक आहे. काळ्या करंटांच्या झुडपांची छाटणी पण तूच कर.” त्या दिवशी गॉर्डन बढती मिळाल्यासारखा चालत होता.

सगळी कामं केली आम्ही. तबेल्यावरून पोनीचं खत आणलं, अकरा हातगाड्या, आणि चर खणून त्यात पसरलं. शेडवरचं डांबरी कापड बदललं. हे काम वर चढून मी केलं, कारण गॉर्डनला उंचीची भीती वाटते आणि बाबांना सांगायची सोय नाही. चारशे कुंड्या गरम पाण्यात घासल्या. नोव्हेंबरात लावलेल्या ब्रॉड बीन्सपैकी एक ओळ उंदरांनी खाल्ली, पण उरलेल्या दोन ओळी चार बोटं वर आल्यात आणि थंडीला भीक घालत नाहीत. कांद्याचं बी नाताळच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः पेरलं, इथेच, या टेबलावर, मांडीवर टॉवेल घेऊन. एकेक बी चिमटीत धरून. त्यांचा हात थरथरतो आता. पण बी हवं तिथेच पडतं. संध्याकाळी आम्ही परत आलो की हजेरी: “नखं दाखवा.” नखांतली माती बघून ते सांगतात की आम्ही कुठल्या कोपऱ्यात काम केलं. खरंच सांगतात, अगदी बरोबर. आणि हजेरीचा शेवटचा प्रश्न रोज एकच. “तिघे कसे आहेत?”

ते तिघे. तुला माहीत आहे बाबांची रीत. सप्टेंबरच्या प्रदर्शनातले बाकीचे सगळे लीक गावच्या सूपमध्ये जातात, पण सर्वांत देखणे तीन परत मातीत लावायचे, काचघराच्या आडोशाला, पेंढा घालून, वर पोतं. पुढच्या उन्हाळ्यात ते तुरा काढणार, तुऱ्यावर केसासारखी इवली रोपं, आपण गवत म्हणतो ती, धरणार, आणि त्या गवतातून पुढची पिढी. मागच्या उन्हाळ्यात बाबांची छाती भरली होती आणि तुरे वाऱ्यानं मोडून पडले तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. म्हणजे सगळं घराणं त्या तिघांवर होतं. बाबांनी हे मला दहादा सांगितलं होतं. मी गॉर्डनला सांगितलं होतं की नाही, यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

जानेवारीत सलग सहा दिवस कडक हिमकडाका पडला. शनिवारी बाबांना लीक पुडिंगची आठवण झाली, आईच्या हातचं, चरबीच्या कणकेत गुंडाळून फडक्यात बांधून तीन तास उकडलेलं. मी गॉर्डनला म्हटलं, मळ्यातून दोनतीन लीक घेऊन ये. तो गेला. स्वयंपाकाच्या साध्या वाणाच्या लीकची ओळ जमिनीत अशी गोठली होती की खोदायच्या काट्याचा एक दात मोडला. मग त्याला काचघराशी पोतं दिसलं. पोतं उचललं, खाली पेंढा, पेंढ्याखाली लोण्यासारखी मऊ माती आणि मनगटाहून जाड तीन लीक. त्याला वाटलं, शाबास सासरेबुवा! थंडीत खायला म्हणून खास झाकून ठेवलेत. बाबांनी शिकवल्याप्रमाणे तिथेच मुळं कापली, शेंडे कापले, आणि कचरा वाया जाऊ नये म्हणून शेजारच्या आठ नंबरमध्ये हेस्लपच्या कोंबड्यांना घातला. माझ्या हातात आले ते स्वच्छ धुतलेले पांढरे दांडे. मी म्हटलंसुद्धा, “अगंबाई, काय सुरेख आहेत!” गॉर्डन नुसता फुलला.

सोमवारी मी पोतं नीट करायला गेले, आणि खाली तीन खड्डे. मी तिथेच बादली पालथी घालून बसले. गॉर्डन हातगाडी घेऊन शीळ वाजवत आला. मी नुसतं बोट दाखवलं. शीळ बंद झाली. नेव्हिल, मी त्याच्यावर ओरडणार होते, शब्द ओठावर होते, पण त्याचं तोंड बघून ते परत गिळले. तो कुंपणावरून हेस्लपच्या कोंबड्यांकडे बघत होता, जशा काही त्या अजून मुळं परत देतील. हेस्लप आला, काय झालं ते ऐकलं, आणि त्यानं टोपी काढली. चाळीस वर्षं बाबांच्या मागे दुसरा नंबर घेणारा हेस्लप! मला वाटलं होतं मनातून खूश होईल. तर म्हणतो कसा, “सेप टिंडलचे लीक गेले? मग आता मी हरवू कुणाला?” आणि आपल्या शेडमध्ये जाऊन दार लावून बसला.

बाबांना सांगायचं कुणी? मी म्हटलं गॉर्डननं, गॉर्डन म्हणाला रक्ताच्या माणसानं. शेवटी दोघंही मूग गिळून बसलो. “तिघे कसे आहेत?” “मस्त आहेत.” रोज संध्याकाळी. चोराच्या मनात चांदणं. बाबांनी नुसतं “हं” म्हटलं तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो. आणि मग फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ वितळला, ऊन पडलं, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं की चाकाच्या खुर्चीतून बाहेर न्यायला हरकत नाही. बाबा म्हणाले, “शनिवारी. मळ्यात.” शुक्रवारी गॉर्डन कुठेतरी गायब झाला. मी विचारलं तर म्हणाला, “तू विचारू नकोस, मी खोटं बोलणार नाही.” दुकानातून तीन लीक आणले होते त्यानं, मुळांसकट असलेले, शोधून शोधून. पोत्याखाली लावले होते. सरळ रेषेत, वेळापत्रकासारखे.

तो शनिवार मी विसरणार नाही. बाबांना दोन स्वेटर, कोट, मफलर, मांडीवर घोंगडी असं बांधून चाकाच्या खुर्चीतून नेलं. फाटकापाशी सगळे प्लॉटवाले हातातली कामं टाकून उभे. बाबा म्हणाले, “नऊ नंबर,” एवढंच. आत आल्यावर त्यांनी आधी खोदलेली जमीन पाहिली, मग काचघर, मग वाकून मूठभर माती उचलली, चुरगाळली, नाकाशी नेली. मी आणि गॉर्डन परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे उभे. “पोनीचं?” त्यांनी विचारलं. “अकरा गाड्या,” गॉर्डन म्हणाला. “मी बारा घातल्या असत्या,” बाबा म्हणाले, आणि गॉर्डनच्या डोळ्यांत पाणी, कारण बाबांकडून याहून मोठं कौतुक मिळत नाही हे त्याला आता कळतं. मग त्यांनी रुबार्बवर उजेड अडवायला ठेवलेलं जुनं धुराडं उचलायला लावलं. आत अंधारात गुलाबी दांडे, नऊ इंच, काचेसारखे, टोकाला चुरगळलेली पिवळी पानं. वर्षातलं पहिलं पीक. बाबांनी एक ओढून काढला आणि तसाच कच्चा खाल्ला, तोंड वेडंवाकडं करत. “आंबट!” म्हणाले, आणि असे हसले की कवळी सरकली. मी किती दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं.

आणि मग म्हणाले, “आता तिघे.” गॉर्डननं खुर्ची नेली. मी नेलीच नसती. बाबांनी स्वतः काठीनं पोतं बाजूला केलं. बघत राहिले. हेस्लप कुंपणापलीकडे कोबीत तोंड खुपसून नसलेली अळी शोधत होता. मग बाबांनी काठीनंच पोतं परत ओढलं. “झाका नीट,” म्हणाले. “थंडी वाजेल त्यांना.” बस. मला वाटलं, त्यांची नजर गेली. देवाची शपथ, मला वाटलं, सुटलो, आणि लगेच असं रडू आलं की मी तोंड फिरवलं. ज्या माणसानं हजार लीकमधून स्वतःचा डोळे मिटून ओळखला असता, त्याला दुकानातला लीक कळत नाही, यापेक्षा मला बोलणी खाल्लेली परवडली असती.

संध्याकाळी मी त्या रुबार्बवर लोण्यातला चुरा भाजून क्रंबल केला. गरम गरम, वर कस्टर्ड. बाबांनी वाटी चाटूनपुसून संपवली, चमचा ठेवला आणि गॉर्डनला म्हणाले, “ते तिघे कुठल्या दुकानातले?” गॉर्डनच्या हातातला चमचा खाली पडला. मग तो जे बोलत सुटला ते थांबेना. हिमकडाका, मोडलेला दात, मऊ माती, कोंबड्या, सगळं, आणि शेवटी म्हणाला की मी उद्यापासून मळ्यात पाय ठेवणार नाही. बाबांनी ऐकून घेतलं. “गाढवा,” म्हणाले, “मला पहिल्या घासाला कळलं होतं.” पहिल्या घासाला, नेव्हिल! त्या शनिवारीच! मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, “बोलून काय ते परत जमिनीत गेले असते? साठ वर्षं मी तो लीक वाढवला, पोरी. बक्षिसं घेतली, भांडणं केली, प्रदर्शनाच्या आठवड्यात शेडमध्ये मुक्काम ठोकला. जे बरे होते ते सूपमध्ये गेले. जे सर्वांत चांगले, ते नेहमी मातीत. मी त्यांची चव कधीच घेतली नव्हती. तुझी आई दरवर्षी म्हणायची, सेप, एकदा एक कापून बघू या. मी कापू दिला नाही.” आणि मग, “छान होता. तिला आवडला असता.” गॉर्डनला म्हणाले, “उद्या सकाळी आठ दहाला ब्रॉड बीन्सना काठ्या लाव. पाय ठेवणार नाही म्हणे!”

मला वाटलं, आता झोपतील. तर त्यांनी चष्म्याची डबी उघडून नाताळला आलेलं तुझं कार्ड काढलं, ज्यात तुझा आणि पोरींचा तुमच्या परसातला फोटो आहे. ते नाताळपासून तिथेच आहे, हे मला तेव्हा कळलं. फोटोत तुमच्या मागे, कोपऱ्यात, अर्धवट, एक वाफा दिसतो. भिंग लावून बघितलं त्यांनी. “बघ,” म्हणाले, “पानं कशी खाली वळलीत, निळसर. हे आपले आहेत. मूर्ख पोरगा पाणी जास्त घालतो, पण आपले आहेत.” बारा वर्षांपूर्वी तू न विचारता काचघरातून सहा रोपं नेलीस आणि तिकडे परक्या क्लबाच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावावर मांडलीस, आणि वर फोनवर म्हणालास की शेवटी लीकच ना ते, त्या दिवसापासून तुझं नाव या माणसाच्या तोंडी आलेलं मी ऐकलं नव्हतं. मी मध्ये पडले नाही. पडायला हवं होतं, हे आता म्हणते. मला वाटायचं, दोघांचाही हट्ट सारखाच, आपोआप विझेल. नाही विझला. आणि गेले तीन आठवडे मला माहीत होतं की जगात टिंडलांचे लीक आता फक्त तुझ्याकडे आहेत, आणि तरी तुला पत्र लिहायची माझी हिंमत नव्हती.

हे पत्र मी त्यांच्या सांगण्यावरून लिहितेय. माझ्यासमोर बसलेत, बटाट्यांचे ट्रे फिरवतायत, आणि मी काय लिहिलं ते वाचून दाखव म्हणतात. मी दाखवणार नाही. त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत असा: “लिही त्याला, की त्यानं चोरले म्हणून वाचले.” मग विचार करून म्हणाले, “चोरले” खोडून “नेले” कर. मी दोन्ही ठेवतेय. एप्रिलच्या आत गवताची सहा रोपं हवीत, आणि ती टपालानं पाठवू नकोस म्हणावं, वाटेत गुदमरतात. मांडीवर घेऊन यायची, स्वतः, पोरींना घेऊन, आणि आलाच आहेस तर गुड फ्रायडेला बटाटे लावायला थांबायचं. नेव्हिल, या माणसानं तीस वर्षं स्कॉटलंडपर्यंत साध्या लीकचं गवत टपालानंच पाठवलंय, ओल्या शेवाळात गुंडाळून. पाकिटं मीच चिकटवायचे. मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस. घेऊन ये.

तुझीच,
मॉरीन